गावाच्या नावाचा पत्ता

पाटोद्याचा नेट कॅफेवाला बोलताना बोटानं टेबल वाजवायचा. मस्कतातल्या माझ्या लेकाला घर दिसावं म्हणून त्यानं इंटरनेटवर घराच्या फोटोंचं पान बनवलं आणि एका एजंटाकडून त्या पानाला आमच्या गावाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता घेतला. कॅफेत ते झटक्यात उघडायचं. लेक मात्र फोनवर मला म्हणाला, "दादा, हितं काहीच दिसत न्हाई."

कॉम्प्युटर ज्या यादीत बघून पत्ता शोधतो, ती एजंटाची स्वतःची होती; त्यानं ती बसवून दिलेल्या मशीनींवरच चालायची. कॅफेवाल्यानं ती कॅफेतल्या सगळ्या मशीनींवरून पुसली, तसा गावाच्या नावाचा पत्ताही गेला. मी भडकलो, "गावाचं नाव कावून काढलं बे?"

टेबल वाजलं. "आबा, लेकाला सापडत न्हाई तो पत्ता कशाला? समद्या जगाला एकच यादी पायजे."

मग त्यानं जगाच्या यादीतला पत्ता घेतला. त्या नव्या, लांबलचक पत्त्यावर लेकाला घर दिसलं. लेकानं विचारलं, "फोटोत तुमी कावून न्हाई?"

दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घालून मी कॅफेत जाऊन बसलो. टेबल न वाजवता त्यानं कॅमेरा काढला.