आमच्या राज्यातलं सोलापूर

मी निवडून आलेली बाई आहे असं सांगितलं की आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "कुठल्या वॉर्डातनं?" वॉर्ड वगैरे काही नव्हता. आमचं राज्य इंटरनेटवर होतं. पण निवडणूक खरी होती, प्रचार खरा होता, आणि पडल्यावर जे वाईट वाटायचं तेही खरंच.

मला कॉलेजपासून राज्य उभारायच्या गेमचा नाद. आधी एक गाव वसवायचं, मग शेती, रस्ते, सैन्य, शेजारच्या राजांशी तह, असं करत एकेका चालीनं युगं ओलांडायची. मी एकटीच खेळायचे. मग एका मराठी गटाची ओळख झाली. तिथं बरेच जण मिळून एकच राज्य चालवत होते. बाकीची राज्यं कॉम्प्युटर चालवायचा, आमचं आम्ही. राष्ट्राध्यक्ष निवडलेला, संरक्षणमंत्री, खजिनदार निवडलेले, आणि प्रत्येक गावाला एक नगरपाल. आठवडाभर चर्चा चालायची, मग मतदान. रविवारी राष्ट्राध्यक्ष आपल्या घरी गेम उघडून ठरलेल्या चाली खेळायचा, आणि सेव्ह केलेली फाईल सगळ्यांसाठी गटावर टाकायचा. आम्ही एक घटनाही लिहिली होती. तिचं पहिलंच कलम होतं: माउस ज्याच्या हातात, राज्य त्याचं नव्हे.

पहिल्या दिवशी मी लिहिलं, "मी नवीनच आलेय, बघायलेय फक्त." त्यावर कुणीतरी विचारलं, "बघायलेय म्हणजे काय हो?" आमच्या घरात तेलुगू. माझं मराठी शाळेतलं, गल्लीतलं, सोलापूरचं. 'करतेय', 'जातेय' याला आमच्याकडं सगळेच 'करायलेय', 'जायलेय' म्हणतात. पण त्या दिवशी मी कानकोंडी झाले. नंतर काही दिवस पुस्तकातल्यासारखं लिहीत होते.

मग राज्याला लोखंड हवं होतं म्हणून दक्षिणेच्या वाळवंटात एक गाव वसवायचं ठरलं. गावाचं नाव मतदानानं ठेवायचं. पुण्याच्या एका गड्यानं सुचवलं, "एवढं ऊन आहे, सोलापूरच ठेवा." हसण्याच्या चित्रांची रांग लागली आणि नाव मंजूर झालं. नगरपाल व्हायला मात्र कुणी तयार नव्हतं. नदी लांब, धान्य पिकत नाही, दर चार चालींनी टोळ्यांची धाड. मला राग आलेला. मी लिहिलं, "मी होते की नगरपाल. ऊन आम्हाला नवीन नाही." बिनविरोध निवडून आले.

त्या गावावर मी जीव लावला. डोंगरापलीकडनं पाट आणला, त्यासाठी खजिनदाराशी तीन आठवडे भांडले. तो अकोल्याचा, बँकेतला माणूस, दमडी सोडायचा नाही. पुढं धान्याचं कोठार, बाजार, आणि सगळ्यांनी नको म्हटलेलं ग्रंथालय. दर शनिवारी मी गावाचा अहवाल लिहायचे, आणि आता आपल्या भाषेत लिहायचे: "पाटाचं पाणी आलं, लई बरं झालं. टोळी आलती, पळून गेली. कापसाचं रान धरलंय, बघू काय होतंय." लोक त्या अहवालाची वाट बघायला लागले. कोकणातल्या एका बाईनं विचारलं, "या आठवड्यात सोलापुरात काय चालू आहे?" तर पुण्याच्या त्याच गड्यानं उत्तर दिलं, "बांधायलेत की." पुढच्या निवडणुकीत मला उपाध्यक्षही केलं. उपाध्यक्षाला तसं काम नसतं, अध्यक्षाला जमलं नाही तर त्याच्या जागी खेळायचं, एवढंच.

त्याच कार्यकाळात उत्तरेच्या राजानं आमच्यावर चाल केली. आमची दोन गावं पडली आणि त्याचे घोडेस्वार राजधानीच्या वेशीपर्यंत आले. मग त्याच्याकडून तहाचा निरोप आला. लढाई थांबवतो, सोलापूर द्या.

त्या आठवड्यात गटावर जेवढं लिहिलं गेलं तेवढं आधी कधी लिहिलं नव्हतं. संरक्षणमंत्री नांदेडकडचे, कॉलेजात इतिहास शिकवणारे सर. शेवटच्या दिवशी सगळे फोनवर एकत्र बोललो, तेव्हा ते म्हणाले, "मला ते गाव तुमच्याइतकंच प्रिय आहे, ताई. पण राजधानी गेली तर उरतं काय?"

मी म्हणाले, "सर, लोखंड तिथंच आहे. ते दिलं तर पुढच्या लढाईत तलवारी कशाच्या करणार?"

"पुढची लढाई बघायला आधी जिवंत राहायला हवं ना?"

"आणि तो परत येणार नाही कशावरून?"

"येईल कदाचित," ते म्हणाले. "पण तोवर आपल्याला वेळ मिळेल."

मतदान झालं आणि मी हरले. थोडक्यात हरले, पण हरले. माझी खात्री होती की हे चुकायलेत. आजही थोडी आहे.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला. त्यांच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं, पहिलं बाळंतपण होतं, या रविवारी त्यांना जमणार नव्हतं. म्हणजे चाल मला खेळायची होती.

रविवारी दुपारी मी फाईल उघडायच्या बेतात होते, तेवढ्यात सरांचा फोन आला. "ताई, तुम्हाला जड जात असेल तर सांगा. गटाची परवानगी घेऊन मी खेळतो."

ते मनापासून विचारत होते, हे आवाजावरून कळत होतं.

"नको सर," मी म्हणाले. "उपाध्यक्ष म्हणून मला निवडलंय. सोपी कामं माझी आणि अवघड तुमची, असं कसं चालेल?"

अम्मा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. आयुष्यभर वळल्या, आता गरज नसली तरी हात थांबत नाहीत तिचे. तिला माझं राज्य, माझं गाव, सगळं ठाऊक होतं, कारण संध्याकाळी जेवताना मी दुसरं काही बोलतच नसे. तिनं विचारलं, "आज काय करायचंय?"

"सोलापूर देऊन टाकायचंय."

तिचे हात थांबले. "एंदुकू?" कशाला, असं तिनं विचारलं, आणि मग तेलुगूतच म्हणाली, "तू तर नको म्हणत होतीस ना? मग नको देऊस. तिथं कोण बघायला आलंय?"

तिचं खरंच होतं. कुणी बघत नव्हतं. तहाच्या पडद्यावर मी दुसरंच गाव पुढं करू शकत होते, सोनं देऊन बघू शकत होते. नाही जमलं तर फाईल बंद करून पुन्हा उघडायची, कितीदा उघडली ते कुणाला कळलंही नसतं. मी त्या पडद्याकडं बघत बसले. डोळ्यांसमोर आठवडाभर वाद घालणारे सगळे येत होते. माझ्या बाजूनं लिहिणारे, माझ्याविरुद्ध लिहिणारे, दोन्ही. त्या सगळ्यांनी विचार करून मत दिलं होतं. ते मत मी पुसलं असतं, तर ज्या मतांनी मी उपाध्यक्ष झाले त्यांना तरी काय किंमत राहिली असती?

"अम्मा, त्यांनी मला विश्वासानं दिलंय हे," मी म्हणाले.

मी आधी गावातलं सैन्य बाहेर काढलं, ठरलं होतं तसं. मग तहावर होकार दिला. नकाशावर आमच्या केशरी रंगातलं सोलापूर निळं झालं. पाट, कोठार, ग्रंथालय, सगळं जागेवर होतं, फक्त आमचं नव्हतं. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू. अम्मा उठून आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चहा ठेवते."

अहवालात मी लिहिलं, "ठरल्याप्रमाणे गाव दिलं. सैन्य सुखरूप बाहेर आलं. तह झाला. माझं मत वेगळं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. काम सगळ्यांच्या मतानं केलं आहे. पाटाची डागडुजी दर दहा चालींनी करावी लागते, हे नव्या राजाला कुणी सांगितलं तर बरं." मग पुण्याच्या गड्यानं लिहिलं, "ताई, ते नाव मी चेष्टेनं सुचवलं होतं. आज मला त्या गावाचा अभिमान वाटतो." त्याखाली एकेकानं आपापल्या गावाचं नाव लिहून नमस्कार केला. अकोला, चिपळूण, बेळगाव, नांदेड. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात ते परत परत वाचत होते.

पुढच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलं ते नांदेडच्या सरांनी. त्यांनी लिहिलं, "स्वतःला पटत नसलेला निर्णय ज्यांनी प्रामाणिकपणे पार पाडला, त्यांच्या हाती फाईल देताना मला काळजी वाटणार नाही." समोर खजिनदार उभे होते. प्रचारात त्यांनी माझ्या पाटाचा खर्च काढला, मी त्यांचा कंजूषपणा काढला. मी निवडून आले.

अम्मानं त्या संध्याकाळी पेढे आणले आणि गल्लीत घरोघर दिले. शेजारच्या मावशींनी विचारलं, "कशाची अध्यक्ष झाली हो पोरगी?"

"राज्याची," अम्मा म्हणाली.

"कुठल्या राज्याची?"

"ते तिला विचारा. पण मतदान झालं आणि निवडून आली. तुमी पेढा घ्या की."

माझ्या कार्यकाळात उत्तरेचा राजा पुन्हा आला, मी म्हणाले होते तसा. पण तोवर आमच्याकडं तटबंदी होती, सर म्हणाले होते तशी. लोखंड आम्ही दुसऱ्या राज्याकडून विकत घेतलं, महाग पडलं. राजधानी टिकली. मी दोनदा मतदानात हरले आणि दोन्ही वेळा बहुमताचीच चाल खेळले. दिलेलं गाव आम्हाला परत मिळालं नाही.

डाव संपला तेव्हा अध्यक्ष दुसरंच कुणी होतं. आमचं राज्य पहिलं आलं. शेवटी गेम विजेत्या राजाचं नाव विचारतो आणि एकच नाव लिहायला जागा देतो. अध्यक्षांनी ती जागा रिकामी ठेवून फाईल गटावर टाकली आणि विचारलं, काय लिहू? त्यावर पुरा आठवडा वाद झाला. पदांची आद्याक्षरं लिहा, गावांची लिहा, पहिल्या अध्यक्षाचं लिहा. शेवटी मतदान झालं आणि इंग्रजी अक्षरांत 'आम्ही' असं लिहिलं. मी त्या नावाच्या बाजूनं मत दिलं होतं, आणि यावेळी जिंकले. तो पडदा मी कागदावर छापून घेतला आणि ऑफिसात माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. येणारे-जाणारे विचारतात, मी सांगते. पुरं सांगायला वेळ लागतो, पण मी पुरंच सांगते.