बुवांचं नाव मी घेतलं नाही

मी पडले तेव्हा बुवांनी समेवर थाप मारली. मुद्दाम. माझा गुडघा फरशीला लागला आणि त्याच क्षणी मृदंग 'धा' म्हणाला. सगळा दिवाणखाना हसला. एकाच्या तोंडातून पानाचा लाल थेंब पांढऱ्या चादरीवर उडाला, तर तो त्या डागाकडे बोट दाखवून आणखी हसायला लागला.

धाकट्या धन्यांच्या मुंजीचा तिसरा दिवस. दुपारची जेवणं उरकून पाहुणे लोडांना टेकले होते आणि करमणूक म्हणून मला उभं केलं होतं. रावसाहेब आमचे धनी, पुण्यातले बडे सरदार. मी त्यांच्या घरची विकत घेतलेली कुणबीण. दुष्काळात मला कोणी विकलं, कुठे विकलं, आठवत नाही. आठवतात ते बुवा. मृदंग वाजवायचे, आम्हा पोरींना नाच शिकवायचे. सहा वर्षांची होते तेव्हापासून त्यांच्या हाताखाली होते. त्या दुपारी मी एकोणीस वर्षांची होते.

नाचात सोळा मात्रांचा एक फेरा असतो. फेरा पुरा होऊन परत पहिल्या मात्रेवर येतो, ती सम. तिथे पाय आपटायचा. ही सम बुवा मला मानेने दाखवायचे. त्यांची मान खाली, माझा पाय खाली. मोजायला त्यांनी मला शिकवलंच नाही. "मोजायचं मी, नाचायचं तू," म्हणायचे. मला ती माया वाटायची. तेरा वर्षं वाटली.

त्या दुपारी मान आलीच नाही. मी गिरक्या घेत राहिले. मग आली, पण अधेमधेच, आणि माझा पाय रिकाम्या जागी आपटला. पुन्हा आली, पुन्हा तसंच. मी त्यांच्याकडे बघत होते. ते चादरीकडे बघत होते. थांबायचं मला ठाऊक नव्हतं. ते थांबवतील तेव्हा थांबायचं, एवढंच ठाऊक होतं.

"बघा," रावसाहेब पाहुण्यांना म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? बुवांची मान हलेपर्यंत ही अशीच फिरणार. बैलाला कासरा तरी लागतो."

म्हणजे आधी ठरलेलं होतं. पैज नव्हती, भांडण नव्हतं. नुसती गंमत. मग पायात चादर अडकली आणि मी पडले. तेवढी एक सम मात्र बुवांनी अगदी अचूक गाठली.

त्यांना शालजोडी मिळाली. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ते मृदंगाच्या तोंडाला लावलेली कणीक नखाने खरवडत होते. मी विचारलं, का. त्यांनी मान वर केली नाही.

"धन्यांची मर्जी. पडलीस, उठलीस. त्यात काय मोडलं?"

खरंच, काय मोडलं होतं? गुडघा थोडा सुजला, इतकंच. मी रडले नाही. रागावलेही नाही. आत काहीच होत नव्हतं. जेवायला बसले की हात ताटातच राहायचा. लहानपणी मला ताप आला तेव्हा बुवांनी गुळाचा खडा हातावर ठेवला होता, तो मी दोन दिवस चाटून पुरवला होता. ते आठवायचं, आणि आठवूनही काही वाटायचं नाही. बुवांनी थाप मारली की मी उभी राहायची, आणि उभीच राहायची. पाय उचलायचा नाही. आठ दिवस वाट पाहून कारभाऱ्यांनी मला नदीकडच्या पागेत धाडलं. लीद उपसायची, बैलांच्या शेणाच्या गोवऱ्या थापायच्या. मला वाईट वाटलं नाही. तिथे कोणी हसत तरी नव्हतं.

पागेच्या भिंतीबाहेर बाभळीखाली धोंडबा बसायचा. म्हातारा मांग. घोड्यांची दावी, बैलांचे कासरे वळून द्यायचा. लग्नसराईत हलगी वाजवायचा. त्या वर्षी पागेत नवे घोडे भरले होते, म्हणून दोन-अडीच महिने रोज येत होता. रोज, पण दुपारपुरता. पुण्यात तेव्हा सावलीलाही सोवळं होतं. उन्हं कलून सावल्या लांबल्या की त्याला वेशीबाहेर जावं लागे. आमच्या पागेत कात्रजच्या पाण्याचा हौद होता, तो घोड्यांना चालायचा. धोंडबाला नदीवर जायला लागायचं.

एक दिवस काम आटपून तो हलगी शेकत बसला होता. चामडं ताणलं गेलं तसं सहज बोटांनी वाजवायला लागला. मी गोवऱ्या थापत होते. माझ्या नकळत टाच हलली. भिंत कमरेएवढीच होती, त्याला दिसलं.

"कुनाकडं बघता, बाई?"

मी म्हटलं, कुणाकडेच नाही.

"बघता. पाय टाकायच्या आदी मान वर करता. हितं कोन हाय वर?"

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. राग आला होता म्हणावं, तर तेही नाही. लाज मला चूक पकडल्याची नव्हती वाटली, लाज वाटली ती मांगाने मला नाचातलं काही सांगावं याची. मी विकत घेतलेली बाई. शेणात हात. तरी मी त्याच्याहून वरची होते. हे मी आज लपवत नाही, कारण ते खरं आहे.

तिसऱ्या दिवशी त्याने भिंतीवरून एक दोर आत टाकला. हातात देणं त्याला चालणार नव्हतं. त्या दोराला गाठी मारलेल्या होत्या. म्हणाला, सोळा गाठी आहेत, शेण थापताना एक गोवरी, एक गाठ, असं मोजत जा. मी दोरावर पाणी शिंपडलं आणि मग उचलला. त्याने पाहिलं. पुढचं दावं वळायला घेतलं.

मला सोळापर्यंत धड मोजताही येत नव्हतं. अकरानंतर अडखळायची. भिंतीवर सोळा-सोळा गोवऱ्यांच्या ओळी थापायला लागले. कारभाऱ्यांना वाटलं, पोरगी कामाला लागली. मग दोर कमरेला खोचून ठेवायची आणि मनात मोजायची. धोंडबा हलगी धरायचा ती माझ्याकडे पाठ करून, आणि मी भिंतीच्या आत पाय टाकायची. माझ्याकडे बघायचं नाही, ही त्याची अट. मला वाटायचं, हाही फसवणार. आज नाही तर उद्या. मानेची खूण मिळत नाही म्हणून मी त्याचे खांदे बघायला लागले. डावा खांदा किंचित पडला की सम आली. दोन दिवस मजेत चाललं. तिसऱ्या दिवशी तो भर उन्हात घोंगडी पांघरून बसला.

मग काही उरलं नाही. मी होते आणि सोळा आकडे होते. रोज चुकायची. चुकले की पायाच्या आवाजावरून त्याला कळायचं; तो थांबायचा, हसायचा नाही, बोलायचा नाही, पहिल्यापासून सुरू करायचा. मला त्याचा भरवसा वाटत नव्हता. भरवसा ठेवायचं जे काही असतं ते माझ्यात शिल्लक नव्हतं. मी फक्त जात होते, कारण दुपार कुठे तरी घालवायची होती.

एक दिवस मी समेवर पाय आपटला आणि हलगी तिथे नव्हती. ती एक मात्रा मागाहून आली. म्हटलं, आला तो दिवस. आता हा वळेल आणि हसेल.

तो वळला. घोंगडी खांद्यावरून खाली पडली.

"चुकलो म्या," म्हणाला. "बोट अडकलं. तुमचा पाय बरोबर हाय, बाई."

एवढंच बोलला. पुन्हा पाठ फिरवून बसला आणि पहिल्यापासून वाजवायला लागला. मी मात्र तिथेच उभी. एकोणीस वर्षांत माझ्यासमोर कोणी चुकलं नव्हतं. चुका सगळ्या माझ्या असायच्या, चुकायचा मानही मालकांनी मलाच दिलेला. तेव्हाही मला रडू आलं नाही. पण त्या दिवशी मी भाकरी पुरी खाल्ली. आणि दुसऱ्या दिवशी त्याने नवा दोर टाकला तो मी पाणी न शिंपडता उचलला, आणि त्याला धोंडबाबा म्हटलं. तो दावं वळतच राहिला, पण त्याचे हात जरा वेळ नुसतेच हलत होते.

चैत्रात रावसाहेबांचे जावई आले. त्यांनी मुंजीतली गंमत ऐकली होती, त्यांना ती बघायची होती. कारभारी पागेत आले. म्हणाले, मंडळी खूश झाली तर तू परत नाटकशाळेत, वाड्यातल्या नाचणाऱ्या पोरींत, नाही तर जन्मभर इथेच. मला न्हाऊमाखू घातलं, हिरवं लुगडं दिलं, पायांत चाळ बांधले. नखांतलं शेण मात्र निघालं नाही.

नाचायच्या आधी कानाला हात लावून गुरूचं नाव मोठ्याने घ्यायची रीत. बैठक थांबली. बुवा मृदंग पुढ्यात घेऊन वाट बघत होते. माझा हात कानापर्यंत गेला. तेरा वर्षं घेतलेलं नाव जिभेवर होतं. मी ते घेतलं नाही. दुसरंही घेतलं नाही. हात खाली घेतला आणि पहिलं पाऊल टाकलं.

बुवांनी तीन फेरे नीट वाजवले. चौथ्यात मुद्दाम घसरले. मी घसरले नाही. मी चादरीकडे बघत होते आणि मोजत होते. सोळा झाले, पाय आपटला. मृदंग भलतीकडे होता. बुवा पुन्हा घसरले, पुन्हा मी माझ्या समेवर. जावयांच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते गुडघ्यावर ताल धरत होते. त्यांचा हात माझ्या पायाबरोबर पडत होता, बुवांबरोबर नाही. हळूहळू ते सगळ्यांना दिसलं. कोणी हसेना. बुवांच्या कपाळावर घाम आला.

मग मी थांबले. समेवर. मृदंग एकटाच थोडा पुढे गेला आणि कसाबसा गप्प झाला.

"थांबायला कोणी सांगितलं?" रावसाहेब म्हणाले.

"माझं झालं," मी म्हटलं. "बुवांचं राहिलं असेल तर त्यांनी वाजवावं."

माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. भीती वाटत होती का, तर नाही. आनंदही नव्हता. पायाखाली फरशी होती आणि मी तिच्यावर उभी होते, एवढंच जाणवत होतं.

दुसऱ्या दिवशी बुवा पागेत आले. प्रथमच. नाकाला उपरणं लावून उभे राहिले. म्हणाले, मंडळींसमोर माझ्या पाया पड, कानाला हात लाव आणि सांग की हेही बुवांनीच शिकवलं. कालचा प्रकार मी सांभाळून घेतो, तू परत नाटकशाळेत. आणि शिकवलं कोणी, तेही विचारलं. आदल्या सांजेच्या बैठकीतच मी धोंडबाबाचं नाव घेणार होते, म्हणून त्या दुपारी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "माजी पाठ म्हातारी हाय, बाई. नाव तुमी घ्याल, कोरड्याचे फटके मला बसतील."

म्हणून मी नाव सांगितलं नाही. बुवांना एवढंच सांगितलं की तुम्ही शिकवलं नाही. चाळ सोडले आणि त्यांच्या पायांशी ठेवले. पाया मात्र पडले नाही.

तेव्हापासून मी पागेत आहे. नऊ वर्षं झाली. धोंडबाबा होता तोवर, तो दावी घेऊन यायचा त्या दुपारी नाचले. नाचले म्हणजे गोवऱ्या थापून झाल्यावर, लुगडं खोचून, घोड्यांसमोर. कधी कधी त्या वेळात मला बरं वाटायचं. गेल्या पावसाळ्यात तो वारला. मला दोन दिवसांनी कळलं, तेही दावी आणायला दुसराच कोणी आला म्हणून. त्या दिवशी मी रडले. बुवांसाठीचं, गुडघ्यासाठीचं, सगळं साठलेलं तेव्हा निघालं, आणि मला ते आवरता आलं नाही.

परवा कारभारी पुन्हा आले. बुवा अंथरुणाला खिळलेत. वाड्यात लग्न आहे, रावसाहेबांच्या मनात आहे की मी नाचावं, बुवांचं नाव घ्यावं, म्हाताऱ्याला शेवटचं समाधान मिळेल. झालं गेलं विसर, म्हणाले.

मी म्हटलं, येईन. चाळ आणा. दिवाणखान्यात उभी राहीन, कानाला हात लावीन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन: माझा गुरू धोंडबा मांग.

कारभाऱ्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग मला समजावलं. मग कोरड्याची भीती घातली. मारा म्हटलं. आता मार खाणारी पाठ माझी आहे, त्याची नाही.

लग्नाला चार दिवस आहेत. बोलावलं तर जाईन, नाही बोलावलं तर शेण थापीन. पण फरफटत नेऊन उभी केली, तरी त्या दिवाणखान्यात आधी ते नाव ऐकू येईल, मग माझा पाय.