मी भीतीचं काम करतो

काजूच्या बागायतीत सकाळी बोंडं वेचत पुढे जावं आणि मागे वळून बघावं, तर तितकीच पुन्हा पडलेली असतात. आमच्या नाटकाच्या गोष्टींचं तसंच झालंय. एक सांगून संपवावी, तर दुसरी आलेलीच! त्यात मी सावकाश सांगणारा माणूस. हाताला लागतील तेवढ्या सांगतो.

शाळेची पायरी मी जन्मात चढलो नाही आणि आता सत्तरी उलटल्यावर बालवाड्या फिरतोय. माझी सून शर्मिला तीन ते पाच वर्षांच्या पोरांसाठी नाटक करते. नाव ‘आज कोण आलंय?’ एका घरात एकामागून एक पाहुणे येतात. आधी आनंद, मग राग, मग रुसवा आणि सगळ्यांत शेवटी भीती. पोरांनी पाहुण्याला बसवायचं, पाणी द्यायचं, विचारपूस करायची. एवढंच नाटक.

पण नियम फार! पंधरापेक्षा जास्त पोरं घ्यायची नाहीत. दिवे घालवायचे नाहीत. दार लावायचं नाही. ज्याला उठून जावंसं वाटेल त्यानं जावं, पुन्हा यावंसं वाटलं तर यावं. कोपऱ्यात उशा असतात, कुणाला जास्त झालं तर तिथे जाऊन पडावं. मोठा आवाज तर अजिबातच नाही. उल्हास आमचा घुमटवाला. गणपतीत त्यानं घुमटाच्या कातड्यावर थाप मारली की अख्खा वाडा जागा व्हायचा. तोच आता बोटांच्या टोकांनी वाजवतो, मांजर दुधाच्या टोपाकडे चालल्यासारखा.

आणि मी भीती! राखाडी रंगाची मऊ चादर खांद्यावरून घ्यायची, तोंड उघडं ठेवायचं, दाराशी गप्प बसायचं. पोरांनी बोलावल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. हे काम मला का, म्हणून विचारलं तर शर्मिला म्हणाली, “बाबा, तुमी इतके सावकाश चलतात, तुमका बघून कोणच भियाचो नाय.”

हे कौतुक होतं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं जिच्यासाठी सुरू झालं, ती माझी नात ओवी. चार वर्षांची आहे. तिला आवाज सोसत नाहीत. मिक्सर नको, कुकरची शिटी नको, माणसांचा कलकलाट तर नकोच. भरलेल्या खोलीत ती पाऊल ठेवत नाही. तिच्या आईनं तिच्यासाठी नाटक बसवलं, आणि ती प्रत्येक प्रयोगाला येते, पण आत येत नाही! बाहेर स्कूटरजवळ उभी राहून सीटच्या शिवणीवरून बोट फिरवत बसते. सोबत माझी बायको. येत्या जूनमध्ये ओवीला शाळेत घालायची आहे. शाळेच्या बाईंनी सांगितलंय, “आधी पंधरा-वीस मुलांत बसू दे, मग बघूया.”

ते ‘बघूया’ काही माझ्या डोक्यातून जात नाही. त्यामुळे प्रयोग चालू असताना माझा एक डोळा पोरांवर असतो आणि एक दाराबाहेर.

*

पहिला प्रयोग आमच्याच गावात, पेडण्याजवळ, देवळाला लागून असलेल्या खोलीत झाला. आता आमच्याकडे नाटक म्हटलं की आधी देवाला नारळ आणि गाऱ्हाणं. त्याशिवाय पडदा हलत नाही. गाऱ्हाणं घालणारे दाजी. ते एकेक मागणं देवापुढे मांडणार आणि भोवतीच्या मंडळींनी छाती फुगवून ओरडायचं, “व्हय महाराजा!”

शर्मिला हात जोडून म्हणाली, “दाजीकाका, आज मोठ्यान नको. पोरां भियातली.”

दाजी तापले. “मोठ्यान नको? मगे देवाक ऐकाक कसा येतला?”

गाऱ्हाणं नाही घातलं तर पहिल्याच दिवशी अपशकुन, आणि घातलं तर पंधरा पोरं एकदम रडणार. देव आणि नात यांच्यामध्ये मी उभा! शेवटी मी म्हटलं, “दाजी, देव चार पावलांवर तर बसलोहा. त्येका हळू सांगितला तरी पावता.”

दाजींना ते पटलं. नारळ हातात घेऊन ते पुटपुटायला लागले, आणि आठ दांडगे बाप्ये कुजबुजल्यासारखे म्हणायला लागले, “व्हय महाराजा... व्हय महाराजा...”

समोर बसलेल्या एका चिमुरडीनं हे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि दाजींना हळूच विचारलं, “देव निजलोहा?”

सवयीनं आठही जण म्हणाले, “व्हय महाराजा!”

*

आमच्या नाटकात टाळ्या नाहीत. आवडलं तर दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. पोरं एका झटक्यात शिकतात, मोठ्यांना वेळ लागतो.

पेडण्याला एका प्रयोगाला मागे वीसेक आई-बाप बसले होते. शेवट छान झाला. सगळ्यांनी हात वर केले आणि जोरजोरात हलवले. मला बरं वाटलं. मग प्रत्येक जण चहाची वाट बघायला लागला. चहा सांगितलेला होता, पण पाच मिनिटं गेली, दहा गेली, चहाचा पत्ता नाही. मला वाटलं, हॉटेलवाल्याच्या पोटऱ्यांवर टोप सांडला की काय! मला असलंच सुचतं.

धावत, म्हणजे माझ्या चालीनं, कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. हॉटेलवाला वीस कप भरलेला ट्रे पुढ्यात घेऊन रागानं बसला होता.

“अरे, चाय खंय?”

“दारापर्यंत घेऊन इलंय मी!” तो म्हणाला. “सगळ्यांनी नको म्हणून सांगितल्यानी. एका हातान सांगतले असते, तर मी आणखी एकदा विचारलंय असतंय. दोन दोन हातांनी कोण सांगता?”

*

वाळपईला दोन दिवस प्रयोग होते. राग येतो तेव्हा आम्ही पोरांपुढे एक मोठा टब ठेवतो. त्यात सहा किलो उकडे तांदूळ. ज्याला राग आलाय त्यानं त्यात कोपरापर्यंत हात घालायचे, मुठी आवळायच्या, सोडायच्या. पोरं अशी शांत होतात म्हणून सांगू! टबाला शर्मिलानं चिठ्ठी चिकटवलेली: ‘राग’. पहिल्या दिवशी प्रयोग झाल्यावर टब तिथेच ठेवून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पोचलो तर टब रिकामा, धुऊन उन्हात पालथा घातलेला. रागच नाही तर पुढचं नाटक कसं होणार? पोरं तर आवारातल्या पायऱ्यांवर रांगेत बसून पेज खात होती, लोणच्याबरोबर.

तिथली मदतनीस बाई पदराला हात पुसत आली. “तांदूळ किती बरे होते गो बाय! तुमी पोरांसाठीच ठेवलात, म्हणून शिजवलंय.”

शर्मिला मटकन खाली बसली. “अगो, त्यात काल पंधरा पोरांनी हात घातले होते!”

“धुतले मगे! चार पाण्यांनी.”

“महिनोन् महिने मी पोरांक सांगतंय,” शर्मिला म्हणाली, “राग गिळूचो नाय, राग गिळूचो नाय...”

“सुको कोण गिळता?” बाई म्हणाली. “लोणचा दिलंय ना!”

*

डिचोलीची पोरं हुशार. प्रयोगाच्या शेवटी शर्मिला विचारते, “भीतीला आता कुठे बसवूया?” एरवी पोरं म्हणतात, उशीवर, खिडकीत, आजीच्या मांडीवर. डिचोलीला एक मुलगी उठली आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाली, “आमच्या पप्पांच्या गाडीर!”

“कित्याक गो?”

“मम्मी म्हणता, तेंका कसलीच भीती नाय!”

दारात तिचे पप्पा मोटरसायकलची किल्ली बोटावर फिरवत उभे होते. किल्ली फिरायची थांबली. मुलगी माझा हात धरून मला त्यांच्याजवळ घेऊन गेली. मी चादरीसकट त्यांच्यापुढे उभा.

त्या दिवशी त्यांनी जाताना हेल्मेट घातलं. पट्टासुद्धा लावला. आणि मुलीला घेऊन इतके हळू गेले की मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली!

*

डिचोलीलाच आणखी एक झालं. तीन वर्षांचा एक गोबरा मुलगा होता. भीतीला पाणी द्यायला म्हणून आला, अर्धं पाणी माझ्या चादरीवर सांडलं, अर्धं स्वतः प्यायला, आणि माझ्या मांडीवर बसून चक्क झोपला.

आता नाटकात पुढे असं आहे, की भीती उठते आणि निरोप घेऊन जाते. उठणार कशी? पोरगा जागा होऊन बिचकला तर? मी शर्मिलाकडे बघितलं, तिनं मानेनं ‘बसा’ म्हटलं. नाटक संपलं, पोरं गेली, उल्हासनं घुमट गवसणीत घातलं, तरी मी आपला बसलेला. गुडघे माझे राहिले नव्हते. श्वाससुद्धा जपून घेत होतो.

मग त्याची आई आली. बघतच राहिली.

“हेका निजवक माझे दोन तास जातात,” ती म्हणाली. जरा घुटमळली. मग म्हणाली, “आजोबा, दुपारच्या दीड वाजता तुमी मोकळे असतात काय?”

*

एक गोष्ट सांगावीशी वाटत नाही, पण सांगतो.

मी शेतकरी माणूस, तरी जत्रेच्या नाटकात चाळीस वर्षं पडदा ओढला. वीज कडाडायची असली की पत्र्याची शीट मीच हलवायचो. मोठ्या आवाजाची सवय हाडात गेलेली. पोरांपुढे मी ती दाबून ठेवतो, पण सवय ती सवय.

असाच एक प्रयोग चालू होता. मी दाराशी बसलेलो. बघतो तर ओवी स्कूटर सोडून पायऱ्यांपाशी आलेली. मग एक पायरी चढली. मग दुसरी. मग उंबऱ्याबाहेर उभी राहून आत डोकावली! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा! मला राहवलं नाही. माझ्या तोंडून जत्रेतला आवाज निघाला, “आयली! आयली आमची ओवी!”

पंधरा पोरं दचकली. दोघं रडायला लागली. आणि उंबऱ्यात कुणीच नव्हतं.

त्यानंतरच्या तीन प्रयोगांना ओवी स्कूटरच्याही पलीकडे जाऊन उभी राहिली, भिंतीला तोंड करून. घरी आल्यावर माझी बायको ताट पुढे सरकवत म्हणाली, “सगळ्या पोरांत एक तुमकाच गप बसाक शिकवचा रवला.”

जेवण गेलं नाही. शर्मिलाला म्हटलं, “दुसरो कोणी बघ. माका भीतीचा काम नको.”

“दुसरो खंय मेळतलो?” ती एवढंच म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी चादर धुऊन, घडी घालून माझ्या खाटेवर ठेवली.

*

आता धारगळची गोष्ट. तिथली बालवाडी हमरस्त्याला टेकून. मला ती जागा पसंत नव्हती. मी शर्मिलाला दोनदा म्हटलं, गाड्यांचा आवाज आहे. ती म्हणाली, “बाबा, हयच्या पोरांनी मगे खंय जावचा?”

प्रयोग निम्म्याच्या वर झाला होता. आनंद येऊन गेला, राग गेला, रुसव्याला पोरांनी समजूत घालून घालवलं. पोरांनी मला बोलावलं, मी सरकत सरकत मध्यावर येऊन बसलो. दोघी मुली माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या. तेवढ्यात बाहेर दाराच्या अगदी समोर एक ट्रक थांबला आणि त्याचा हॉर्न अडकला.

एकदा वाजला आणि थांबला नाही तो! सलग. भिंती हलवणारा. ड्रायव्हर खाली उतरून वायरी ओढतोय, चार माणसं जमून त्याला शिकवताहेत, आणि हॉर्न चालूच. पोरं उशांकडे पळाली, एक टेबलाखाली गेला. शर्मिला आवाज न चढवता एकेकाला जवळ घेत होती. उल्हासनं घुमट खाली ठेवलं.

माझ्या डोळ्यांपुढे एकच आलं. ओवी बाहेर आहे. त्या ट्रकपासून दहा पावलांवर.

मी उठायला गेलो. पाय बधिर झालेले. अर्धा उठलो आणि पुन्हा बसकण मारली. पुन्हा उठलो, पुन्हा खाली. चादर पायांत गुंडाळली. हात इतके कापत होते, की ती सोडवतासुद्धा येईना. पाण्याचा पेला घेऊन आलेल्या दोघी मुली माझ्याकडे बघत तशाच उभ्या.

मग दारात ओवी दिसली.

दोन्ही कानांवर तळहात गच्च दाबलेले, कोपरं बाहेर काढलेली. मागे माझी बायको, दोन हात अंतर ठेवून. ओवीनं उंबरा ओलांडला. आईकडे बघितलं नाही. रडणाऱ्या पोरांमधून, उशांमधून वाट काढत ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी तोंड मिटून बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं.

आणि तिनं आपल्या कानांवरचे हात काढून माझ्या कानांवर दाबून धरले.

हॉर्न त्यानंतरही बराच वेळ वाजत होता, असं उल्हास सांगतो.