जाधवमामांचं माप

आमच्या शाळेचे शिपाई जाधवमामा अंतर मोजायचे ते सायकलच्या चाकाने. चाकाच्या तारेला लाल सुताचा तुकडा बांधायचे आणि सायकल हातात धरून चालू लागायचे. सूत वर आलं की एक फेरा. शंभर फेरे झाले की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. वाटेत कुणी हाक मारली तर उत्तर न देता नुसता हात वर करायचे. ऐन तारुण्यातली वर्षं कामतघरच्या लूमवर, कापडाच्या मागावर काढलेला माणूस. शाळेत आल्यावरही वेळेला ते ‘शिफ्ट’च म्हणायचे.

एका ट्रस्टने आमच्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा हे मोजायचं काम निघालं. अट एकच होती: घर शाळेपासून तीन किलोमीटरच्या पुढे हवं. मुख्याध्यापिका म्हणून सही माझी, पण माप मामांचं. गावातल्या एका बड्या जमीनमालकाच्या पुतणीचं घर थोडक्यात कमी भरलं. काका गाडी घेऊन शाळेत आले. मामा म्हणाले, “शेठ, चाकाला तुमची ओळख न्हाय.” शेठ तणतणत गेले आणि स्टाफरूममध्ये आम्ही पोटभर हसलो.

असा हा माणूस एकदाच वाकला, तो दर्शनासाठी. आठवीतली मुलगी. चपला हातात घेऊन बांधावरून चालत यायची, रोज उशिरा, पायांना चिखल. नववीला तिला पाठवायचं नाही, गोडाऊनमध्ये पॅकिंगला लावायचं, असं घरी ठरत आलं होतं. तिची आई मला म्हणाली, “बाई, पोर हुशार हाय, पन जाता-येता दोन येल चालून दमते. घरचा काम कवा करंल?”

तिचं घर पायवाटेने दोन किलोमीटरही नव्हतं. मामांनी ते मोजलं गोडाऊनच्या रस्त्याने, मधल्या तलावाला पूर्ण वळसा घालून; तीनच्या पुढे भरलं. कागद माझ्यापुढे ठेवताना त्यांनी मान वर केली नाही. मी आदल्याच महिन्यात त्या घरी बांधावरून चालत जाऊन आले होते. मला माहीत होतं. मी काही न विचारता सही केली आणि मामांना चहा सांगायला पाठवलं.

दर्शना नववीत आली. आता घंटेच्या आधी हजर असायची. बांधावरून सायकल चालवता येत नाही, म्हणून ती गोडाऊनच्या रस्त्याने यायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथ्या दिवशी एका गोडाऊनच्या फाटकातून कंटेनर मागे येत होता. ड्रायव्हरला ती दिसली नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा मामा दारातच खाली बसले. दर्शनाची आई उठून त्यांच्याजवळ आली. “मामा, तुमी नका रडू. तुमीच तर तिला सायकल दिली. किती खूश होती पोर.” तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामांनी त्या दिवशी पाण्यालाही हात लावला नाही.

त्यानंतर ऑफिसच्या खिडकीतून मला ते बांधावर दिसू लागले. सायकल हातात, नजर चाकावर. शाळा सुटल्यावर जायचे, रविवारीही जायचे. एकदा थेट ऑफिसात आले. “मॅडम, परत मोजलं. एक किलोमीटर आठशे.” मी म्हटलं, “मामा, आता पुरे.” ते म्हणाले, “माप चुकलं न्हाय, मॅडम. चुकलं असतं तर झोप तरी लागली असती.” पोरं त्यांच्या पाठीमागे फेरे मोजत नाचायची, त्यांना मी दटावलं. मामांना सांगण्यासारखं एक वाक्य माझ्याकडे होतं, ते मात्र सांगितलं नाही. भीती वाटली. नोकरीची वाटली, त्या आईचीही वाटली.

निवृत्तीनंतर मामांनी अंथरूण धरलं. मी कामतघरला भेटायला गेले. शेजारच्या गाळ्यात लूम खडखडत होते. मामांनी मुलाला बाहेर जायला सांगितलं आणि माझा हात धरला.

“मॅडम, एक विचारू? तुम्हाला म्हाईत असतं, तर सही केली असती?”

“नाही,” मी म्हणाले.

लूमच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढे केला. मला पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.

“मग बरं,” मामा म्हणाले. “तुमच्यावर काय न्हाय येत. सगळं माझंच.” आणि कितीतरी दिवसांनी ते हसले.

तिथून निघताना मला हलकं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते. आठवड्याने मामा गेले. त्यांचं आणि माझं, दोघांचंही ओझं ते बरोबर घेऊन गेले असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण माझं माझ्याकडेच राहिलंय.