भांडणानंतरची वाट

चक्करमामाचं काही हरवलेलं नसायचं, त्याला कुठं पोचायचं नसायचं, कुणी बोलावलेलंही नसायचं, तरी रोज दिवस उगवला की तो चालायला निघायचा. नुसता चालायला! अहो, बैल सुटून गेला तर माणूस चालतो, लग्नाचं बोलवणं द्यायला चालतो. पण कशासाठीच नाही आणि चालायचं, हे आमच्या अकोल्यात तोवर कुणी केलंच नव्हतं. लोक हसायचे. मामा त्यांनाही सोबत घेऊन जायचा.

तसा तो माझा सख्खा मामा नाही. माझी माय तेल्हाऱ्याची, तोही तेल्हाऱ्याचा, म्हणून मायचा गावभाऊ आणि सगळ्या घराचा मामा. जातीनं माळी. आमच्या शेतापलीकडं मोरणा नदीच्या काठी त्याचा बटईचा, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायला घेतलेला, फुलमळा होता, शेवंती आणि झेंडूचा. उजाडायच्या आत फुलं तोडून देवळांत पोचवली की गडी मोकळा.

हे खूळ त्यानं अमरावतीहून आणलं. तिथं कॅम्पातल्या एका साहेबाच्या बागेत तो काही महिने कामाला होता. साहेब रोज संध्याकाळी हातात काठी घेऊन तळ्याभोवती खाली मान घालून फिरायचा. मामाला वाटलं, बिचाऱ्याचं काहीतरी पडलं! तीन दिवस मामा त्याच्या मागं मागं वाकून गवत चाचपत फिरला. चौथ्या दिवशी खानसाम्याला विचारलं, तेव्हा कळलं की काहीच हरवलेलं नाही, साहेब हवा खातो. "मी म्हटलं, येडा हाये," मामा सांगायचा, "पण तीन दिवसांत मलेच झोप चांगली लागून राहिली होती ना बापा!"

मग परत आल्यावर त्यानं आमच्यासाठी तीन वाटा काढल्या. तिन्ही गावाच्या वेशीतून निघून आमच्या शेतातून नदीवर जायच्या आणि तिथून पुढं फुटायच्या. पहिली उंबरापर्यंत जाऊन परत, ती जेवणाआधीची. दुसरी काठाकाठानं सरकारी बागेला वळसा घालून, ती जेवणानंतरची. आणि तिसरी बागेच्याही पलीकडं डोहापर्यंत, पार लांब, ती भांडणानंतरची. कुणी तोंड पाडून दिसला की मामा विचारायचाच, "कोण्या वाटेनं न्यू?" माणूस म्हणायचा, "काही नाई मामा, सहज निघालो." मामा त्याच्या चेहऱ्याकडं बघून परस्पर ठरवायचा.

आणि खोटारडा किती! "सोपी वाट हाये, दोन पावलं," म्हणून न्यायचा. आमच्या वेशीजवळचे किराणावाले शेठ, गादीवरून उठायलाच ज्यांना दोन माणसं लागायची, त्यांना त्यानं असंच दोन पावलं म्हणत थेट बागेपर्यंत नेलं. शेठ तिथं जांभळाखाली बसले ते उठेचनात. "गाडी बोलव," म्हणाले. मामा म्हणतो, "गाडी येईल कशी शेठ, वाट तं पायाची हाये." मग शेठ शिव्या देत देत चालत परत आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या मळ्याच्या तोंडाशी हजर! वर म्हणे, मी फुलं घ्यायला आलो.

आमच्या काळ्या मातीची वाट म्हणजे काय ते इकडच्यांना माहीत आहे. पावसाळ्यात पायाला अशी चिकटते की पाय उचलावा तर अर्धं शेत सोबत येतं. म्हणून मामा डोक्यावर पाटी घेऊन मुरूम आणून टाकायचा. मी एकदा म्हटलं, "मामा, शेत आमचं, मुरूम तू कायले टाकतं?" तर म्हणाला, "वाटेले माणूस लागते रे. आठ दिवस कोणी फिरकलं नाई तं गवत काई विचारून उगवत नाई."

पण गवतापेक्षा वाईट काय आलं? कापूस! तिकडं लांब कुठल्या देशात लढाई जुंपली, त्यांचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या कापसाला असा भाव चढला की लोकांना वेडच लागलं. धुरे म्हणजे शेताचे बांध, तेही पेरले. गाड्यांच्या पांदणी पेरल्या. एका गड्यानं तर घराच्या ओसरीपुढंच सरकी टोचली, आणि त्याची बायको उंबऱ्यातून उडी मारून बाहेर यायची. मग आमचे बाबा कसे मागं राहतील? त्यांनी जाहीर केलं की आपल्या शेतातून जाणारी वाट मोडायची, तिथं दोन ओळी कापूस बसतो. ती मोडली की तिन्ही वाटा संपल्या, कारण नदीवर जायला तेवढीच एक जागा होती.

सरकारी मोजणीवाले नकाशा काढायला येणार होते. त्याआधी वाट आहे की नाही हे पंचांनी ठरवायचं होतं, म्हणून सगळे चावडीवर जमले. बाबांनी मोठ्या आवाजात सांगितलं, "कोणी चालत नाई तिथून. रिकामटेकड्यांची वाट हाये ती."

पाटलानं मामाला विचारलं, "कोण चालते? नाव सांग."

"शेठ चालते."

"शेठ आता कापसाच्या गठाणीवरून खाली उतरत नाई. दुसरं सांग."

"म्हातारे चालते, बायका चालते…"

"त्याइले फिराले गावातले रस्ते हाये. हे पाह्य, बाराही महिने या वाटेनं चालणारा, जमीन नावावर असलेला एक खातेदार सांग. एकच. तुयी वाट मी नकाशावर लावून देतो."

आता ऐका. असा एक खातेदार होता आणि तो समोरच बसला होता. आमचे बाबा! माय आणि बाबांचं महिन्यातून चारदा वाजायचं, कधी भाजीवरून, कधी मायच्या माहेरावरून. वाजलं की बाबा पागोटं गुंडाळून तरातरा निघायचे, थेट तिसऱ्या वाटेनं डोहापर्यंत. मी स्वतः पाहिलं आहे. पुढं बाबा, हात मागं बांधलेले, आणि दहा पावलं मागं मामा. जन्मात कधी गप्प न बसलेला मामा, पण तिथं तोंडातून शब्द नाही! परत आले की बाबा गरीब गाईसारखे पाटावर बसायचे. माय मला हळूच विचारायची, "डोहापावतर जाऊन आले काय रे? मंग वाढते." हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं.

पाटलाचा प्रश्न पडला आणि इतका वेळ गरजणारे बाबा एकदम चंचीत सुपारी शोधायला लागले. मामानं त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड उघडणारच होतं, पण त्यानं अशी मान हलवली की ते मिटलंच.

"मीच चालतो, बापा," तो म्हणाला.

"तू बटईवाला. तुयं नाव चालत नाई."

"मंग कोणी नाई."

झालं. वाट नाही असं ठरलं, लोक उठले. मी धावत मामाला गाठलं. "मामा! बाबांचं नाव काहून नाई घेतलं? तू जिंकला असता ना!"

"आन् तुया बाप? उद्यापासून तो रस्त्यानं निघाला की पोट्टे विचारतीन, काय दाजी, आज कोणती भाजी अळणी झाली? मानी माणूस हाये. घरातच कोंडून बसन, आन् मंग तुया मायचं काय होईन?" थोडं चालून पुन्हा म्हणाला, "माणूस मनातलं घेऊन मायासोबत चालला. ते मी चावडीवर मांडू?"

मी बाबांवर असा चिडलो की दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

पुढच्या महिन्यात मळ्याच्या मालकानंही शेवंती उपटून कापूस लावायचं ठरवलं, आणि मामाचं अकोल्यात काही उरलं नाही. तेल्हाऱ्याला त्याचा भाऊ होता. एक रिकामी गाडी त्या बाजूला परत चालली होती, तिच्यात त्यानं बोचकं टाकलं. मायनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि रडू येऊ नये म्हणून त्याच्यावरच ओरडली, "आता तरी एका जागी बसजो!" गाडीवाला म्हणाला, बसा. मामा म्हणाला, वेस ओलांडू दे. तो गाडीशेजारूनच चालत गेला. बाबा त्या दिवशी बैलबाजाराचं काम काढून पसार झाले होते.

उन्हाळा सरता सरता पेरणीआधीची वखरणी आली. आमच्याकडं सालदार गडी होता, पण त्या दिवशी बाबा मला म्हणाले, वखर मीच धरतो, तू नुसते बैल पुढून धर. पहिला तास, म्हणजे वखराची पहिली ओळ, घेत आम्ही वाटेपाशी आलो. बाबांनी बैल थांबवले. वखर दोन्ही हातांनी वर उचलला, बैलांना वाट ओलांडू दिली, आणि पलीकडं जाऊन वखर पुन्हा मातीत टेकवला. मला वाटलं, काही अडकलं असेल. परत फिरलो, पुन्हा तेच. पुढच्या तासाला पुन्हा. वखर काय हलका असतो? पण दिवसभर प्रत्येक तासाला बाबा तो उचलत राहिले, आणि कापसाच्या त्या पिसाट सालात आमच्या शेतात मधोमध एक पट्टा तसाच राहिला.

"बाबा, पंचांनी तं…" मी म्हटलं.

"बैलाकडं पाह्य!" ते खेकसले.

संध्याकाळी घरी आले तर दोन्ही खांदे भरून आले होते, हात वर होईना. मायनं विचारलं, "कायनं दुखून राहिले एवढे?"

"वखर जड झाला यंदा," बाबा म्हणाले.

माय आत गेली आणि तेल गरम करून घेऊन आली.