खिडकीची खालची कड

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला खिडकी पाडायची, ही कल्पना माझी. तयार काचेची कॅबिनेटं रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर-बाजारात ढिगानं मिळतात हे मला माहीत होतं, आणि बायकोनंही ते दोनदा सांगितलं. पण आठवडाभर सिरुसेरीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला घरी काहीतरी स्वतःच्या हातानं कापावंसं वाटतं. जुना काळा पत्र्याचा डबा होता. त्याच्या बाजूच्या पत्र्यात चौकोन कापायचा, आतून अॅक्रिलिक बसवायचं, मग दिवे लावायचे. एवढंच.

आम्ही इथे तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमला सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. नाशिकचे मित्र मला घरजावई म्हणतात. मी चिडायचं सोडून दिलंय. सासरे तंजावरकडचे मराठी, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात पत्र्याचं काम करून निवृत्त झालेले. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. एकदा दाराची बिजागरी काढताना पटाशी निसटून तळहातात गेली, तेव्हा बायकोनं त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. ती पेटी खाली यावी यापलीकडे त्यांना काही नको होतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

जावयाला ते थेट काही सांगत नसत. तसं सांगणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मी बाल्कनीत पत्र्यावर चौकोन आखत होतो आणि ते शेजारी पेपर धरून बसले होते. थोड्या वेळानं ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि मुलीला म्हणाले की, चौकोनाच्या कोपऱ्यांना आधी भोकं पाडली नाहीत तर करवतीचं पातं वळायचं नाही. तिनं बाहेर येऊन ते मला सांगितलं. बाल्कनी आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे, त्यांचं बोलणं मला आधीच नीट ऐकू आलं होतं. मी भोकं पाडली. पुढच्या रविवारी पत्र्याखाली फळी घ्यावी असा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारी, करवत घाईनं चालते आहे असा. निरोप पोचवून पोचवून बायको वैतागली आणि शेवटी तिनंच पेटी खाली काढली. कडा घासायची कानस चालेल, बाकी कशाला हात लावायचा नाही, या अटीवर.

चौकोन कापून झाला होता. कडा घासायच्या राहिल्या होत्या. तीन मी घेतल्या, खालची त्यांना दिली. त्यांनी पेटीतून एक जुनी कानस काढली. तिच्या लाकडी मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. रोज कॉफी झाली की ते अर्धा तास घासत. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरत. त्या आठवड्यात ते जेवताना कारखान्यातल्या गोष्टी सांगायला लागले, आणि बायको मला म्हणाली की तिनं त्या लहानपणानंतर ऐकल्याच नव्हत्या.

शनिवारी त्यांनी काम झालं म्हणून मुलीकरवी कळवलं आणि ते प्रवचनाला गेले. मी पट्टी लावून पाहिली. कड वाकडी होती. फार नाही, पण मधे एक लाट होती आणि मला ती लाट बघवेना. चूक दिसली की हात आपोआप पुढे जातो, पगार त्याचाच मिळतो. दहा मिनिटांत मी ती सरळ केली.

ते परत आले, चप्पल काढली आणि आधी बाल्कनीत गेले. खालच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग हात धुवायला गेले. त्या रात्री कारखान्याचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी कॉफीनंतर ते बाल्कनीत आलेच नाहीत. मला लाज वाटली. चुकलो म्हणावं, तर आमच्या दोघांत बोलण्याची सवय नव्हती, आणि असलं काही बायकोकरवी कळवण्यासारखं नव्हतं.

त्याच आठवड्यात दसऱ्याआधीची नवमी आली. या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. त्यांना हात लावायचा नाही, दशमीला सकाळी ज्यानं त्यानं आपलं उचलून थोडं काम करायचं. सगळ्यांवर गंध-कुंकू लागलं, माझ्या लॅपटॉपवरही. दशमीला बायकोनं तिचं शिलाई मशीन दोन टाके चालवलं. मी लॅपटॉप उचलला. सासऱ्यांनी कानस उचलली, तिच्यावरचं गंध धोतराच्या टोकानं पुसलं आणि माझ्यासमोर धरली. ती त्यांच्या हातात हलत होती.

"माप्पिळे," ते म्हणाले. तमिळमध्ये जावयाला अशी हाक मारतात. मला त्यांनी ती पहिल्यांदाच मारली, आणि पुढचं त्यांच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाले. "ही अता तुह्मीच ठेवा. तुह्मांस सरळ येतें."

आवाजात राग नव्हता. मी दोन्ही हातांनी कानस घेतली. नको म्हणायला हवं होतं. मला ती नको होती.

दुपारी मी खिडकी बसवली. पत्र्याच्या कडा हाताला लागू नयेत म्हणून त्यांच्यावर रबराची पट्टी चढवतात. ती मी अगदी पहिल्या आठवड्यातच आणून ठेवली होती. खालच्या कडेवरही चढवली. कड पूर्ण झाकली गेली. ती वाकडी असती तरी कोणाला दिसली नसती.