हरलेल्या पहिलवानाचा आवाज

माझ्या धाकट्या भावाचं ओळखपत्रावरचं नाव को सॉन्ग-हो. परकीय म्हणून सरकारने दिलेलं ते कार्ड कायम अंगावर बाळगावं लागतं, नाहीतर पोलीस ठाण्यात बसवून ठेवतात. बाकी सगळ्या जगात तो जपानी नावाने ताकामोतो. शाळेत ताकामोतो, न्हाव्याकडे ताकामोतो, दारावरच्या पाटीवरही तेच. आईबाबा कोरियाचे, पण आमचा जन्म जपानातला, ओसाकातला, आमची बोली ओसाकाची, आमच्या शिव्यासुद्धा ओसाकाच्या. आता याला परकीय म्हणायचं तर म्हणा बापडे.

मी काही लपवत नाही. इकुनोच्या बाजारात माझं कोबीच्या धिरड्यांचं दुकान आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत माझंच कोरियन नाव लिहिलंय आणि ज्याला ते आवडत नसेल त्याने पुढच्या दुकानात जावं. पण सॉन्ग-होचं तसं नव्हतं. तो मुळात भित्रा, आणि त्यात आमच्या मामेभावाचं झालेलं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. मामेभावाला चांगली नोकरी लागली होती, नवा सूट शिवला, मग कंपनीने घराण्याच्या नोंदीचा उतारा मागितला, जो फक्त जपानी माणसाकडेच असतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की जागा भरली. तो सूट अजून मामीच्या कपाटात लटकतोय.

सॉन्ग-होला नोकरी मिळाली ती खेळाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. नाणं टाकायचं, दांडी हलवायची, पडद्यावरचे दोन पहिलवान एकमेकांना बडवतात, तसली. तिथे त्याची चित्रं बघितली आणि 'उद्यापासून ये' म्हणाले. कागद कुणी मागितलाच नाही. मागतील, मागतील, या धास्तीत याने तिथे चार वर्षं काढली. भर उन्हाळ्यातही कोट काढायचा नाही, कारण ते कार्ड कोटाच्या आतल्या खिशात.

"अरे, घामाने विरघळशील," मी म्हणायचे.

"खुर्चीवर टाकलेला कोट कुणी उचलला तर?"

"तुझ्या कोटाला कोण हात लावतंय? वास मारतो तो."

पण हसायचा नाही. त्याची भीती खरी होती. नोकरी गेली तर दुसरीकडे कुणी कागद न बघता घेणार नव्हतं, आणि चित्रं काढण्याशिवाय त्या पोराला दुसरं काही येत नव्हतं. धिरडं उलटवायला दिलं तर छताला चिकटवेल.

त्या वर्षी कंपनीने आठ देशांचे आठ पहिलवान काढायला घेतले. सॉन्ग-होचे साहेब नोगुची. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. सगळ्यांना स्वतःच्या पैशाने शेवया खाऊ घालायचा. त्याचं म्हणणं एकच, पोरगं नाणं टाकताना क्षणात ओळखलं पाहिजे की हा कुठला. म्हणून प्रत्येक देशाला एकेक खूण. ती खूण कुठून आणायची? प्रवासी कंपनीची पत्रकं, विमान कंपनीचं कॅलेंडर, टीव्ही. अमेरिकेचा पहिलवान च्युइंगम चघळत मारतो. फ्रान्सचा हातभर पावाने डोकं फोडतो. रशियाचा दारू पिऊन डुलतो. अरबाकडे तेलाचं पिंप. भारताचा पगडीवाला, टोपलीतून नाग काढून समोरच्याच्या अंगावर सोडतो.

सॉन्ग-हो दुकानात बसून हे मला काढून दाखवायचा आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. "आणि खरा भारतवाला आला तर?" मी विचारलं. "तो कशाला येतोय इथे?" म्हणाला.

मग आठवा पहिलवान कोरियाचा ठरला आणि तो काढायला दिला ताकामोतोला.

त्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, कुणी मेलं. नोगुचीने सगळं ठरवून दिलं होतं. पांढरे कपडे, चटकन संतापणारा, लाल तिखट लोणच्याची बरणी फेकून मारणारा. आणि हरला की जमिनीवर बसकण मारून, हाताने फरशी थोपटत 'आइगो, आइगो' म्हणून गळा काढणारा. आमच्या बायका गुडघा दुखला तरी आइगो म्हणतात, पण तो गळा काढणं फक्त माणूस गेल्यावर. टीव्हीवरचे विनोदी नट त्याची नक्कल करतात आणि लोक हसतात. नोगुचीलाही ते तिथूनच सुचलं.

"नाही म्हण," मी म्हणाले.

"का म्हणून विचारलं तर काय सांगू?"

मी त्याच्यापुढे धिरडं सरकवलं.

त्यात त्यांची कामाची पद्धत अशी की चित्र काढण्याआधी चित्रकाराने तो डाव स्वतः करून दाखवायचा. टेबलं बाजूला सारायची, एकाने कॅमेरा धरायचा, आणि मग त्या फितीवरून चित्रं उतरवायची. आवाजही कंपनीतल्याच लोकांचे. बाहेरचा नट परवडत नाही, म्हणून पांघरुणं टांगलेल्या अडगळीच्या खोलीत जाऊन आलटून पालटून ओरडायचं. नोगुची म्हणाला, "ताकामोतो, रडणं तूच कर. तुझा चेहरा तसाही रडवाच असतो." सगळे हसले, हाही हसला.

आठवडाभर दुपारी दुकान रिकामं झालं की हा माझ्यासमोर चुकीचं रडायची तालीम करायचा. टीव्हीवाल्यांसारखं, नाकातून, वेडंवाकडं. बरोबर आलं तर कळेल, या भीतीने. मी तवा खरवडत ऐकायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा आतून लसूण सोलता सोलता आईने विचारलं, "कोण गेलं गं?"

"रेडिओ आहे," मी म्हणाले.

पण व्हायचं ते झालंच. त्या अडगळीच्या खोलीत दार लावून घेतलं, अंधार, बाहेर सगळे कान लावून. याने तोंड उघडलं आणि तालमीतलं काही आलंच नाही. बाबा गेले तेव्हा आई ज्या सुरात रडली होती तोच सूर आला, पोटातून, अगदी तसाच. आणि कॅमेऱ्यासमोर बसला तोही एक गुडघा उभा करून, पंजा सपाट ठेवून फरशी थोपटत. जपानी माणूस जन्मात असा बसत नाही. नोगुचीने टाळ्या वाजवल्या. म्हणाला, वा, हा तर नटच निघाला.

"कुणाला कळलं नाही ना?" मी विचारलं.

"तिथे कुणाला काय कळणार? पण ताई, आपल्याकडच्या कुणी ऐकलं तर लगेच कळेल." मी त्याला पाणी दिलं तर निम्मं सांडलं.

यंत्र बाजारात आणण्याआधी एखाद्या खेळघरात ते दोन दिवस लावतात. कंपनीची माणसं कोपऱ्यात उभी राहून पोरं कशी खेळतात ते बघतात. नोगुचीने जागा निवडली इकुनोच्या बाजारातली. म्हणजे माझ्या दुकानापासून चार गल्ल्यांवर. त्याचा विचार सरळ होता. कोरियन वस्तीतच आधी लावू, त्यांनाच मजा आली तर मग तक्रार कोण करणार?

आदल्या संध्याकाळी सॉन्ग-हो माझ्या हातापाया पडायचा बाकी होता. "उद्या आईला घराबाहेर सोडू नकोस. आणि तू रस्त्यात दिसलीस तर ओळख देऊ नकोस. माझी नोकरी तुझ्या हातात आहे, ताई."

मी चिडले. ओळख देऊ नकोस काय? तुझं नाक पुसलंय मी. पण त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून हो म्हणाले.

शनिवारी सकाळपासून मी आईला कामाला जुंपलं. कोबी चीर, भांडी घास, हे कर, ते कर. "आज तुझ्या अंगात आलंय का?" आई म्हणाली. दुपारी गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, मी तव्यावर वाकले, आणि वर बघते तर आई नाही. मागच्या दाराने मासे आणायला गेलेली. सॉन्ग-हो घरी जेवायला येणार म्हणून.

मी गॅस बंद केला, गिऱ्हाइकांना म्हटलं जे तव्यावर आहे ते तुमचं, आणि पळाले. मासळीवालीचा रस्ता खेळघरावरूनच जातो. लांबूनच मला तो आवाज ऐकू आला. आइगो, आइगो. कुणीतरी कोरियाच्या पहिलवानाला हरवलं होतं. आणि माझ्यापुढे वीस-पंचवीस पावलांवर आई, हातात माशांची पिशवी, जागच्या जागी थांबलेली. मग ती पळत सुटली. सांधे धरलेले तिचे, जिना चढताना चारदा बसते, आणि ती पळत होती.

मी आत पोचेपर्यंत ती पोरांच्या गर्दीत घुसली होती. "सॉन्ग-हो! सॉन्ग-हो, काय झालं रे?" आमच्याच भाषेत, आणि तिचा आवाज काही लहान नाही. सगळी यंत्रं ठणाणा करत होती तरी सगळ्यांनी ऐकलं. कोपऱ्यात नोगुची आणि कंपनीचे चौघेजण, आणि त्यांच्यात माझा भाऊ, भिंतीला पाठ लावून.

आई थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्याचे हात चाचपायला लागली, कुठे लागलंय का ते बघायला.

सॉन्ग-होने हात मागे घेतले. "मावशी," तो जपानीत म्हणाला, "तुमची काहीतरी चूक होतेय."

मी दारात होते. मला ओरडायचं होतं, पण मी हो म्हणून बसले होते ना.

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या सूटवाल्यांकडे. तिला समजायला काही वेळ लागला नाही. तिच्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. ती दोन पावलं मागे सरली आणि स्वतःच्या पोटच्या पोराला कमरेत वाकून नमस्कार केला. "माफ करा, साहेब. म्हातारी झाले, दिसत नाही. माझा मुलगा जाडा आहे."

नोगुची पुढे आला. हसून, अगदी आपुलकीने म्हणाला, "आजी, बऱ्या भेटलात. हे रडणं आमच्या या पोराने केलंय. बरोबर आहे का हो?"

"नाही," आई लगेच म्हणाली. "चुकीचं आहे. आमची माणसं अशी रडत नाहीत."

"असं?" नोगुचीने मान तिरकी केली. "मग तुम्ही धावत कशाला आलात?"

पिशवीतून माशाचं पाणी तिच्या पायावर गळत होतं. नोगुचीने तिच्याकडे पाहिलं, मग सॉन्ग-होकडे, मग पुन्हा यंत्राकडे वळला. मी आईचा दंड धरून तिला बाहेर आणलं.

संध्याकाळी सॉन्ग-हो जेवायला आला. मला वाटलं, आता आई बोलेल, रडेल, निदान ताट आपटेल. तिने माशाचा मधला तुकडा त्याला वाढला आणि म्हणाली, "बरं केलंस." त्याने तो तुकडा ताटाच्या कडेला सारला.

सोमवारी तो मरायला निघाल्यासारखा कामाला गेला. आणि काहीच झालं नाही. कुणी कागद मागितला नाही, कुणी विचारलं नाही, नोगुचीने शेवया खाऊ घातल्या. मी म्हटलं, सुटलास. पण तो आणखीच घाबरला. "मला आता कुणी ताकामोतो म्हणत नाही," तो म्हणाला. "अहो म्हणतात. इकडे बघा म्हणतात. नाव घेत नाहीत." मी म्हटलं, तुझ्या डोक्यात किडा शिरलाय. सहा महिने तो असा वावरला, दर वेळी फोन वाजला की दचकायचा. वजन इतकं उतरलं की कोट खांद्यावरून घसरायला लागला.

पुढे यंत्र सगळीकडे लागलं. एका दुपारी तो मला ओढून खेळघरात घेऊन गेला. त्याला शेवट बघायचा होता. आठही पहिलवानांना हरवलं की हा खेळ कुणी बनवला त्यांची नावं पडद्यावर वर सरकत जातात. कंपनी मात्र खरी नावं घालत नाही, दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून. ज्याला कचेरीत जे म्हणतात ते टोपणनाव घालायचं. ते साहेब आणि बाकीचे मिळून ठरवतात, हसतखेळत.

सॉन्ग-हो पटाईत होता. अमेरिकावाला पडला, नागवाला पडला, शेवटी त्याचा स्वतःचा पहिलवान पडला आणि गुडघा उभा करून रडायला लागला. मग पडदा काळा झाला आणि नावं यायला लागली. टकल्या. काळी कॉफी. दात दुखतोय. लग्न कधी. चित्रकारांच्या यादीत चौथं नाव आलं, पांढऱ्या अक्षरांत: आइगो.

ते वर सरकून गेलं तरी तो तिथेच बघत राहिला. मागे पोरं रांगेत चुळबुळत होती.

"हे नाव माझ्या तोंडावर कुणी कधी घेतलं नाही. म्हणजे माहीत होतं," तो म्हणाला. "ताई, मी आईला मावशी म्हणालो, तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं."